पहाटे सव्वापाचची बस

जूनमध्ये अलास्कात अंधार पडतच नाही,
म्हणून खिडकीवर घोंगडी ठोकून
आधी मी रात्र तयार करतो,
मग घड्याळ लावतो. पावणेचार.
फोनवर लोरीन म्हणते, चारचं लाव की,
डेपो तर हाकेच्या अंतरावर.
तिला काय सांगू, मी उठल्यानंतर
माझा गुडघा उठायला अर्धा तास घेतो.

एकतीस वर्षं त्या बसगाड्यांच्या पोटाखाली
पाठ टेकून काढली,
तेव्हा कुठे उद्यानाचा रस्ता पाठ झाला. खालून.
मडगार्डच्या आत आधी राखाडी गाळ, नदीपात्राचा,
त्यावर तांबडी माती, खिंडीतली,
त्यावर काळी, चिकट, जिचं ठिकाण मला माहीत नाही.
मग पुन्हा तांबडी. पुन्हा राखाडी.
स्क्रूड्रायव्हरने खरवडत गेलो की
बसचा अख्खा दिवस उलटा चालत येऊन
माझ्या छातीवर पडायचा.
एकदा ॲक्सलला कॅरिबूच्या केसांचा पुंजका,
एकदा विलोची फांदी, पानांसकट, अजून ओली.
वर बसून मात्र कधी गेलो नाही.
दिव्याखाली अंधार म्हणावं,
तर अंधारच नाही इथे.

तिकिटं लोरीनने पूर्ण पैसे मोजून काढली.
निवृत्तांना फुकट असतं गं, मी म्हटलं.
म्हणाली, फुकटच्या खिडकीतून ढगच दिसतात.
आत दुकान नाही, टपरी नाही, अकरा तास.
सामन माशाचं सँडविच, उकडलेली अंडी,
डासांचं मलम, लोकरी टोपी (जून असला तरी),
थर्मासमध्ये कॉफी, पण तुला अर्धाच कप, ती बजावते,
पहिला थांबा दीड तासाने आहे
आणि तू आता तिशीतला नाहीस.
शाळेच्या स्वयंपाकघरात तिने आयुष्यभर
तीनशे पोरांना रांगेत उभं केलं.
मी तीनशे एकावा.

अडलं ते बाकावर.
ड्रायव्हरमागे बसू, ती म्हणते.
मी म्हणतो तिसरी रांग, मागच्या चाकांपासून लांब,
तिथले स्प्रिंग मी ओळखतो, ते कुणाचे नसतात.
तिसरी रांग ठरते. कुठली बाजू?
जाताना डोंगर डाव्या हाताला.
आणि लोरीनचा डावा डोळा
मार्चमध्ये गेला.

फोनवर थोडा वेळ नुसती तार वाजते.

मग तीच ठरवते, स्वयंपाकाचं माप सांगावं तशी:
जाताना खिडकीत तू. येताना मी,
तेव्हा तो उजवीकडे असेल.
जाताना काय काय दिसतं ते तू सांगत जायचं.
मी?
तूच. अस्वल दिसलं तर अस्वल म्हण,
नुसतं "ते बघ" म्हणायचं नाही.

तेव्हापासून मी शब्द शोधतोय.
करड्यासाठी, तांबड्यासाठी माझ्याकडे आहेत.
टणक झालेल्या, भुसभुशीत, बोटांना चिकटणाऱ्या
मातीसाठी आहेत.
दूर असलेल्या गोष्टींसाठी नाहीत.
दूरचं काही हातात आलंच नाही कधी.

आणि डोंगर बाहेर आला नाही तर?
इथे आम्ही असंच म्हणतो, डोंगर बाहेर आलाय,
डोंगर आत आहे,
जणू तो दार लावून बसणारा शेजारी.
तीन दिवसांतले दोन तो आतच असतो.
लोरीन म्हणते, मग काय,
दोघांना सारखंच दिसेल.
आणि हसते, आणि फोन ठेवते, निरोप न घेता,
हीसुद्धा तिची जुनी सवय.

साडेअकरा. घोंगडीच्या कडेने उजेड गळतोय.
डेपोच्या बाजूने एक बस चढाला लागलेली ऐकू येते,
उद्याच्यासाठी डिझेल भरून परतत असेल,
दुसऱ्या गिअरमध्ये किंचित कण्हतेय.
चौदा नंबर. बेअरिंग.
चालेल अजून महिनाभर.

डबा भरलाय. टोपी, मलम, दुर्बीण,
तळाशी अर्ध्या इंचाचा पाना.
काढून टेबलावर ठेवतो.
उद्या तू प्रवासी आहेस, स्वतःला बजावतो,
हात मांडीवर, डोळे बाहेर.

दिवा मालवायला जातो,
मालवायला दिवा लावलेलाच नसतो.
परत येतो.
पाना टोपीत गुंडाळतो,
अंड्यांच्या खाली सरकवतो.