एन बरोबर एकोणचाळीस

प्रकरण तिसरे, पद्धती.
‘प्रस्तुत अभ्यासासाठी चाळीस सहभागींची
निवड करण्यात आली.’
करण्यात आली. कुणी केली, ते वाक्यात नाही.
मी केली. मार्केट यार्डात, बेदाण्याच्या शेडखाली,
निवडणाऱ्या बायकांमध्ये उकिडवी बसून,
ओढणीला चिकट धूळ, मांडीवर पॅड.

कुंभोजकर मॅडमनी बजावलं होतं,
प्रबंधात ‘मी’ येऊ द्यायचा नाही.
संशोधिका लिही,
नाहीतर कर्ताच गाळ,
मराठीला ते छान जमतं.

विषय: पूर ओसरल्यानंतरची झोप.
पाच चौकोन. अजिबात नाही, क्वचित,
कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी.
सतरा नंबरची म्हणाली,
‘एरवी लागती की. पर पुलावरनं कुणी
पाणी बघून आलं, का त्या राती
डोळ्याला डोळा न्हाई.
ह्यातलं माझं घर कुठलं?’
म्हटलं, तुम्हीच ठरवा.
सुचवायचं नसतं. भुवईसुद्धा हलवायची नसते.
तिनं माझ्याकडं नीट बघितलं.
‘आणि तुला गं? तुला लागती का झोप?’
त्याला रकाना नव्हता.

आयर्विन पुलाच्या खांबावर फुटांचे आकडे आहेत.
चाळीस म्हणजे दर वेळी चाळीसच, ही विश्वसनीयता.
पण सांगलवाडीत माळ्यावर चढून बसलेल्या बाईची
भीती किती फूट चढली
ते त्या आकड्यांत येत नाही.
सप्रमाणता म्हणतात ती हीच, म्हणजे तिचा अभाव.
परीक्षेत हे उदाहरण लिहिलं नाही मी.
तेव्हा सुचलं नव्हतं.

प्रश्न संपले, पेनाला टोपण लावलं,
मग ती आपणहून बोलली.
एका दोरीबद्दल. कुणाच्या हातात होती,
कधी सुटली, सुटली का सोडली.
पुढचं इथंही लिहिणार नाही.
आणि ती दोरी नव्हती,
इथल्यापुरती दोरी केली आहे.

अकराव्या दिवशी कॉलेजच्या फाटकाशी उभी.
‘माझा कागुद दे.
तूच वाचून दावलेलंस न्हवं,
कवाबी, कारण न सांगता?’
दाखवलं होतं वाचून. चाळीस वेळा.
शेवटी शेवटी तर आरतीसारखं,
तोंड म्हणतंय, लक्ष प्रसादाकडं.

रात्री आकडे पुन्हा चालवले.
ती असताना, शून्य दशांश शून्य चार.
ती नसताना, शून्य दशांश शून्य सात.
काहीतरी सापडणं आणि काहीच न सापडणं
यांत एका बाईएवढी जागा होती.
कागद दिला होता, पण तिचे चौकोन
संगणकात होतेच की.
तिला कळलं नसतं. मॅडमनाही.
दोनदा चहा केला. एकदा ओतून दिला.
पहाटे सतरावी ओळ पुसली.
अठरावी वर सरकली,
जणू पहिल्यापासून तिथंच होती.

मग ते वाक्य.
‘एका सहभागीस वगळण्यात आले.’
व्याकरण चोख, आणि खोटं.
कुणी वगळलं नाही तिला.
ती उठून गेली, चपला घालून, आपल्या पायांनी.
‘एका सहभागीने माघार घेतली’ असं केलं.
मॅडमची लाल शाई तिथं थांबली नाही.
खाली ‘फरक लक्षणीय आढळला नाही’
यावर मात्र एक बारीक टिंब, विचारात टेकवल्यासारखं.

त्या दुपारी फाटकाशी
तिनं अंगठ्याचा कोपरा तेवढा फाडून
कनवटीला लावला.
उरलेल्याची पुडी वळली,
पिशवीतले मूठभर बेदाणे भरले.
‘खा. सकाळधरनं काय न्हाई तुझ्या पोटात.’
सहभागींकडून काही घेऊ नये, असा नियम आहे.
पण ती आता सहभागी नव्हती.
विश्रामबागपर्यंत चालत खाल्ले.
तळाशी एक उरला होता, चौकोनाला चिकटून.
कुठल्या, ते सांगत नाही.