आमच्या वाट्याला जांभळा

नांगर कोठारात गेला, ओढ्याच्या कडेला बर्फ धरू लागला
की कारखान्याची गाडी यायची पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या टेकडीवर:
लाकडी ट्रे, ट्रेमध्ये उघड्या मेणाच्या कांड्या,
कागदी पट्ट्यांचे गठ्ठे, आणि सहीसाठी एक वही.
शेतागणिक रंग वाटून दिलेला.
श्लाबाखांकडे लाल. विधवा केमररबाईंकडे हिरवा.
आमच्या वाट्याला जांभळा.

आई पिठाची खळ शिजवायची, सूपच्या शेजारच्याच चुलीवर.
एकदा टिल्घमन वाटीभर खळच प्यायला
आणि मीठ कमी आहे म्हणाला.

पट्टी घ्यायची. खळ लावायची. कांडी ठेवून
अंगठ्यानं फिरवायची, एक वेढा, दुसरा वेढा, पुढची.
बारा बारे एकशे चव्वेचाळीस
हे मला शाळेत जायच्या आधी यायचं,
त्याचे किती सेंट, हेही.

चर्चमध्ये हात जोडले की बोटांवरून घर कळायचं.
आमच्या पावावर जांभळा अंगठा,
गाईच्या सडांवर, दाराच्या कडीवर,
पाळण्यातल्या सलोमीच्या गालावर.

पेट्रसकाका हिल कढईवर होता कारखान्यात.
तो सांगायचा, आधी आम्ही नुसता काळा करायचो.
ज्योतीवर धरलेली काजळी मेणात घोटायची,
गोदीतले हमाल पिंपांवर नावं घालायचे तिनं.
मग शाळांमधून पत्रं यायला लागली:
मुलं सगळं तोंडात घालतात हो,
पोटात गेलं तरी चालेल असं काही करा, आणि स्वस्त करा.
मऊ झालं तर बोटालाच लागायचं,
कडक झालं तर कागद फाटायचा.
दोन वर्षं ढवळलं, म्हणायचा,
आणि मनगटावरचे डाग दाखवायचा, भाजल्याचे.
शोध कुणी लावला, मी विचारलं.
तो म्हणाला, कोणत्या दिवशीचा?

वडील स्लेटच्या खाणीत. घरी यायचे ते राखाडी:
भुवया, कान, डब्याचं झाकण.
सगळ्या मुलखाच्या पाट्या आमच्याच डोंगरातून जायच्या.
काळ्या दगडावरची रेघ म्हणे पुसत नाही.
म्हणणाऱ्यानं पाटी पाहिली नसावी.
मी लिहायचे, थुंकी लावायचे, बाहीनं पुसायचे,
दिवसाकाठी वीसदा.

लाखभर जांभळ्या कांड्या गुंडाळल्या असतील मी,
एकीनंही कधी काही काढलं नव्हतं.
मोजलेल्या असायच्या.

फेब्रुवारीत बाईंनी पेटी आणली वर्गात.
आठ. एकमेकींना खेटून.
पिवळा असा असतो हे मला माहीत होतं,
पण हिरव्याशेजारी तो असा होतो, हे नव्हतं.
जांभळीची पट्टी तिरकी लागलेली,
कडेला खळीचा वाळलेला थेंब.
टिल्घमनचं काम.
मी कुणालाच सांगितलं नाही.

प्रत्येकाला एक कागद. मी वडील काढले.
पेटीत राखाडी नव्हता,
म्हणून जांभळे काढले, डब्यासकट.

घरी त्यांनी कागद दिव्याशी धरला, खूप वेळ.
मग सवयीनं बाहीचं टोक ओलं केलं
आणि स्वतःचं नाक पुसून पाहिलं, कागदावरचं.
गेलं नाही.
पुन्हा पाहिलं, जरा जोरानं.
बाहीची धूळ तेवढी लागली चेहऱ्यावर, राखाडी,
जिथे हवी होती बहुतेक तिथेच.
"निघत नाही हे?"
नाही, मी म्हणाले.
ते खुर्चीत बसले, बूट न काढता.
आई म्हणाली, जेवून घ्या, निवतंय.

पुढच्या हिवाळ्यात गाडी आली तेव्हा
आईच्या नखांच्या मुळाशी अजून जांभळा होता.
माणसानं ट्रे उतरवले, वही पुढे केली.
नारिंगी.
टिल्घमन म्हणाला, आता गाय नारिंगी.