तुडतुड्यांची बोळवण

या खोऱ्यात बस दिवसातून दोनदा येते.
दुसरीतून उतरणारी मी एकटीच.
थांब्यावर मिनेयोबाई, बगलेत बांबूचे दोन टेंभे.
"हा तुमचा," म्हणाल्या,
नमस्काराला कमरेत वाकण्याच्याही आधी.
मी उत्सव बघायला आले होते,
दहा मिनिटांत मनुष्यबळ झाले.

पूर्वी चाळीस टेंभे निघायचे.
यंदा सात.
माझा धरून आठ.

देवळाच्या पायरीवर तोकुजी पेंढा पिळत बसलेले.
घोडा झाला होता, पाय जरा आखूड,
आता स्वार.
"कोण हा?" मी विचारलं.
त्यांनी तोंडातली दोरी काढली
आणि कालच घडल्यासारखं सांगितलं:

आठशे वर्षं झाली. सत्तरी उलटलेला एक योद्धा
लढाईला निघाला, तर आधी केसांना काळा कलप लावून.
म्हातारा म्हणून कुणी सोडून द्यायला नको,
म्हातारा म्हणून कुणी हसायला नको.
लढला चांगला. पण घोडा अडखळला
कापल्या भाताच्या धसकटात,
आणि वर बघेपर्यंत मान गेली.
ज्यानं मारलं त्याच्यावर नाही रागावला तो.
रागावला भातावर.
तुडतुडा झाला, आणि अजून
दर आषाढात हिरव्या खाचरात उतरतो
आपलं धसकट शोधत.

"मुंडकं तळ्यात धुतलं," मिनेयोबाई म्हणाल्या,
"तेव्हा केस पांढरे निघाले. मारणारेही रडले म्हणे."
बोलता बोलता त्या शाईत बोट बुडवून
पुतळ्याच्या डोक्याची एकेक काडी
काळी करत होत्या.
कानामागच्यासुद्धा.

मी शहाणपणानं म्हटलं,
आता तर ड्रोन येतो ना फवारायला?
"येतो की. मंगळवारी येऊन गेला."
मग किडे?
"नाहीत फारसे."
तोकुजींनी स्वाराला घोड्यावर बसवून
मांडीखाली गाठ मारली.
"पण म्हणून काय याला पायी पाठवायचं?"

अंधार पडला तसे निघालो बांधावरून.
पुढे इबुकी, वय अकरा, गावातलं एकुलतं एक पोर,
काशाची थाळी वाजवत, तालाच्या अर्धा ठोका पुढे.
मागे ढोल, त्यामागे आम्ही.
बेडूक गप्प होत, आम्ही पुढे गेलो की पुन्हा सुरू.
राख मनगटावर पडे, क्षणभर चावे.
कुणी ओरडे, "जा बाबा, जा आता,"
निरोप द्यावा तसं, हाकलल्यासारखं नाही.
वळणावर शीतपेयांचं मशीन एकटंच उजळलेलं,
त्याच्या काचेवर यंदाचे सगळे तुडतुडे.
तिकडे कुणी पाहिलं नाही.

शिवेवर दगडी देव, लाल लाळेरं बांधलेला.
इथे टेंभे विझवायचे.
इथे पलीकडचं गाव आपले टेंभे घेऊन उभं असायचं,
घोडा खांद्यावर घेऊन पुढच्या शिवेपर्यंत पोचवायचं,
मग त्यांच्या पुढचं गाव,
असा हा हातोहात समुद्राला मिळायचा.

पलीकडे कुणी नव्हतं.
सहा वर्षं झाली, तोकुजी म्हणाले,
शेवटच्या बाई मुलाकडे नागोयाला गेल्या.
तरीही सगळे थोडा वेळ थांबले,
उशीर झालेल्यांसाठी थांबावं तितका.

मग कुणीतरी छोटा पांढरा ट्रक काढला.
मागे घोडा, घोड्याला धरून इबुकी,
इबुकीला धरून मी.
रिकाम्या गावातून जाताना
ड्रायव्हरनं वेग कमी केला,
आणि इबुकीनं, कुणी न सांगता,
प्रत्येक बंद दारासमोर थाळी वाजवली.
एकदाच. यावेळी बरोबर ठोक्यावर.

समुद्र काळा, उथळ, कोमट.
तोकुजी गुडघाभर पाण्यात गेले,
स्वाराला हलकेच सोडलं.
तो गेला नाही.
लाटेबरोबर परत परत पायाशी येत राहिला,
घोडा आधी, मग तो.
मिनेयोबाईंनी टॉर्च धरला.
शाई पाण्यात पसरत होती,
डोक्यावरच्या काड्या
एकेक करून पुन्हा पेंढ्याच्या रंगाच्या.

"बघा," म्हणाल्या त्या, माझ्याकडे न बघता,
आणि टॉर्च विझवला,
त्याला निघता यावं म्हणून.