मार्चमधलं सरपण

थिजलेलं लाकूड लवकर फुटतं,
म्हणून हे काम मार्चमध्येच उरकायचं,
झाडांत रस चढायच्या आत.
आज उणे नऊ.
गोठ्यामागे सहा घनमीटर बर्च पडलाय,
हात-हातभर लांबीचे ओंडके,
कापल्या तोंडावर भुशाची साय.

कुऱ्हाड नवी. अडीच किलोची, गाल फुगलेली.
धार फार तिखट नाही; कापणं तिचं काम नाही,
शिरायचं आणि दोन्हीकडे सारायचं.
टांपेरेहून आंद्रुस दर वर्षी काहीतरी पाठवतो
स्वतः येण्याऐवजी.
यंदा ही. सोबत चिठ्ठी: आई, जपून.
दांडा ऍशचा.
आणि विहिरीपाशी वठलेला ऍशही आजच फोडायचाय.
गोतास काळ, दुसरं काय.

हेल्दुर कुंपणाला रेलून बघतो.
त्याच्या कमरेत आता दोन स्क्रू आहेत,
त्यामुळे फक्त तोंड चालतं.
"लाकडाकडे बघू नकोस, मैमू,
खालच्या ठोकळ्याकडे बघ.
लाकूड नुसतं वाटेत आहे."

चाळीस वर्षं टपालात शिक्के मारले मी,
आणि हा मला नेम शिकवतो.

पण सांगतो ते खरं.
पाय फाकवून उभं राहायचं, गुडघे सैल,
वर नेताना उजवा हात पात्याजवळ,
खाली येताना तो दांड्यावरून घसरत डाव्याला भेटतो,
आणि नेमकं तेव्हाच जोर लावायचा नाही.
वजन तिचं. मी फक्त सोडून द्यायचं.
टक्.
फुटलं तर टक्.
नाही फुटलं तर थप्प,
जसं कुणी ऐकून न ऐकल्यासारखं करावं.

दुपारपर्यंत दोन घनमीटर. अंगातलं स्वेटर कुंपणावर.
आतलं लाकूड ताज्या पावाच्या गरासारखं,
एका फटीत मुंग्यांचं अख्खं गाव झोपलेलं,
ते तसंच उचलून मी बाजूला ठेवलं.

मग तो एक आला.
एक घाव दोन तुकडे म्हणणाऱ्यांना
असा बुंधा भेटलेला नसतो.
थप्प. थप्प. फिरवला. थप्प.
"कडेकडेनं सोल," हेल्दुर म्हणाला.
मी मुद्दाम मधोमध घातला.

उघडला तेव्हा आत एक खुंटी होती.
ज्युनिपरची, बोटाएवढी, चाकूनं तासलेली,
तिच्या वरखाली काळपट डाग वीतभर पसरलेला.
वसंतात रस काढून भोक बुजवतात, ती खुंटी.
झाडानं ती गिळली होती,
वरून साल ओढून घेतली होती,
बाहेर व्रणसुद्धा नाही.

गुडघ्यावर बसून मी वर्तुळं मोजली, खिळ्याच्या टोकानं,
खुंटीपासून सालीपर्यंत.
पुसट शिक्क्यावरची तारीख वाचायची मला सवय आहे.
बावन्न.

आमच्या झाडांचा रस बाबा दुसऱ्या कुणाला काढू देत नसत.
त्या वर्षी रात्री कुणीतरी बादली लावून जायचं
आणि पहाटे अर्धी भरलेली
माझ्या खिडकीखाली ठेवलेली असायची.
बाबा म्हणायचे चोर.
मी काहीच म्हणायची नाही, प्यायची.
मग मी शहरात टपालाच्या परीक्षेला गेले,
आणि तो सैन्यात,
आणि मग ज्याची-त्याची लग्नं.

खुंटी कुंपणावरून पुढे केली.
हेल्दुरनं ती हातमोजा काढून घेतली,
फिरवली, नाकाशी नेली.
"तासणी वाईट आहे," म्हणाला.
"अंधार होता."

मी पुढचा ओंडका उभा केला,
पाय फाकवले, कुऱ्हाड वर नेली.
तो अजून खुंटीच बघत होता
आणि मी ठोकळा सोडून भलतीकडेच.

थप्प.

या खेपेला तो काही बोलला नाही.