हाफ इंजिन

कळंबोलीच्या यार्डात तीन इंजिनं
जुन्या टायरांवर मांडून ठेवलीत,
कांदेपोह्यांशिवाय दाखवायला बसवल्यासारखी.

जोगिंदर बोलतो तो माझ्या मुलाशी.
मुलगा सतराचा, त्याला लायसन नाही.
आरसी माझ्या नावावर, स्टिअरिंगवर अकरा वर्षं मी.
पहाटे तीनला तुर्भ्याच्या फॅक्टरीतून बर्फ,
उजाडायच्या आत दिवाळे गावच्या जेट्टीवर,
आणि परतताना मासळीच्या रिकाम्या टोपल्या.
तरी तो मुलाशीच बोलतो.
मुलगा माझ्याकडे बघतो, मी इंजिनांकडे.

पहिलं धुऊन, वर चांदीचा रंग मारलेलं.
पास्कल मिस्त्री त्याच्यापाशी थांबलेच नाहीत.
"एवढं नटलंय म्हणजे कुठेतरी गळतंय."

दुसरं टर्बोवालं, मोठ्या गाडीतून काढलेलं.
हर्षल त्याच्यापुढे उकिडवा बसला.
"आये, यो घे. घाटान पन दमनार नाय."
आमच्या वाटेवर घाट कुठला?
चढ म्हणजे एक उरणफाट्याचा पूल.

तिसरं अपघातातल्या गाडीचं.
तशीच धूळ, तसंच तेल,
आणि झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक,
एक पाय अर्धा पुसलेला.
गाडी कुणाची होती, मी विचारलं.
जोगिंदर पहिल्यांदा माझ्याकडे वळला.
"बाई, इंजिनला मालक नसतो. नंबर असतो."

बॅटरी जोडली. डिझेल पाण्याच्या बाटलीत,
बाटली दोरीने खिळ्याला.
दुसऱ्या सेल्फला धरलं.
पास्कलनी ऑइलचं झाकण काढून
भोकावर तळहात ठेवला, बराच वेळ,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.
मग पेचकसाचं टोक ब्लॉकला, मूठ कानाला.
मग ती मूठ माझ्याकडे. "ऐका."

आत कुणीतरी पोळ्या लाटत होतं.
एकसारखं, कुठेही न अडखळता,
खूप माणसांच्या घरातल्यासारखं.

मी म्हटलं, टर्बोचंही ऐकूया.
पास्कल काही बोलले नाहीत.
हातोडी घेऊन गेटबाहेर गेले,
धूर ओकत इथवर आलेल्या माझ्या गाडीखाली
पाठीवर सरकले.
ठण. ठण. ठण.
मागच्या चाकाजवळ थप.
पुन्हा थप.
अकरा वर्षं टोपल्यांतलं खारं पाणी
फळ्यांमधून गळत गेलं होतं तिथे,
आणि मी रोज वरून नळी मारून
गाडी धुतली म्हणत होते.

बाहेर आले तेव्हा केसांत गंजाचे पोपडे.
"टर्बो टाकलात तर इंजिन पुढे जाईल,
गाडी मागे राहील.
वेल्डिंग करून देतो, दोन वर्षं ओढेल.
पण आता जोर शोधू नका.
हिला झेपेल तेवढंच घ्या."

हर्षल उठला, गुडघे झटकले.

बावन्न म्हणत होता, चव्वेचाळीसला तुटलं.
पावती त्याने हर्षलच्या हातात दिली,
हर्षलने न वाचता माझ्या.
जुनं इंजिन काट्यावर चढलं,
एकशे ब्याण्णव किलो, भंगाराच्या भावाने.
त्याचा नंबर मला तोंडपाठ,
विम्याच्या फॉर्मवर दरवर्षी लिहून लिहून.
नवा मी तळहातावर पेनाने लिहून घेतला,
आरटीओच्या रांगेत लागेल म्हणून.
शेवटचा आकडा घामाने पुसला. तीन की आठ?
परत जाऊन बघावं लागलं.

बसवताना हर्षलने फडकं घेतलं, कुंकवाकडे हात नेला.
राहू दे, म्हटलं.
का, असं त्याने विचारलं नाही. बरं झालं,
माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सोमवारी पहिली खेप. बावीस लाद्या.
उरणफाट्याच्या पुलावर दुसरा टाकावा लागला.
पोळ्या लाटल्याचा आवाज थोडा जड झाला,
थांबला नाही.
हर्षल शेजारी, खिडकीबाहेर मान काढून मागे बघत.
लादीचं पाणी फळीतून ठिबकत होतं,
नव्या वेल्डिंगच्या बरोबर वर.