एक पूर्णांक अडतीस

हॅनोव्हरला त्या जानेवारीत बर्फ नव्हता, नुसता चिखल.
हॅन्डबॉलच्या सरावाहून मी आलो,
जिन्यातच बूट काढले, जर्सी पिशवीत कोंबली,
कोपरापर्यंत हात धुतले.
दुधानं तोंड पोळलेलं घर आमचं,
ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून प्यायचं.

तरी तो आला.
माझ्या घशात बसून, तिकीट न काढता,
मला एक साधी शिंकही न देता.

फेन्या तेव्हा नऊ वर्षांची.
तिची फुप्फुसं दोन वर्षांची,
म्हणजे तिच्यात येऊन दोन वर्षं झालेली.
आधी ती कुणाची होती ते कुणी सांगत नाही,
विचारायचं नसतं.
आई दर ऑक्टोबरात एक मेणबत्ती लावते
आणि तिच्यासमोर कुणाचंच नाव घेत नाही.

सकाळी आठ, रात्री आठ, गोळ्या.
अंगातल्या पहारेकऱ्यांना पेंग आणणाऱ्या,
त्यांनी पाहुण्यांच्या अंगावर धावून जाऊ नये म्हणून.
आता दारात खराच चोर
आणि पहारेकरी भिंतीला टेकून घोरतायत.
डॉक्टर व्युबेना फोनवर म्हणाल्या,
एक गोळी थांबवू, दुसरी चालू ठेवू.
त्यांना जरासं जागं करायचं,
डोळे चोळण्याइतकंच.
बाबांना ते लगेच कळलं.
ते बेकरीत कामाला,
रात्रभर फुगणाऱ्या कणकेवर नजर ठेवणारे.

मला त्यांनी बागेतल्या खोपटात नेलं,
शहराबाहेर, जिथे आम्ही उन्हाळ्यात मटार लावायचो.
बाबा स्टोव्हपाशी, मी खिडकीपाशी,
मधे दोन मीटर आणि एक फावडं.
रोज सकाळी आईचा फोन.
फेन्या यंत्रात फुंकायची, आई आकडा वाचायची,
मी तो पेन्सिलीनं लाकडी भिंतीवर लिहायचो,
बियांच्या पाकिटांखाली.

१.४२
१.३६
१.२९

तिसऱ्या दिवशी आकडा वाचून आई गप्प झाली.
मागे फेन्याचा खोकला ऐकू आला,
कोरडा, रिकाम्या डब्यात खडा टाकल्यासारखा.
संध्याकाळी तिला इस्पितळात नेलं,
नाकाशी नळी, बोटाला लाल दिवा.

मी बारा वर्षांचा होतो, हिशेबात बरा.
त्या रात्री हिशेब लागला:
मी एकाला नाही, दोघांना आजारी पाडलं.
एक माझी बहीण.
दुसरं ते, ज्याचं नाव माहीत नाही,
जे कुठल्यातरी गावात एकदा मेलेलंच होतं,
आणि जेवढं उरलं होतं तेवढं
आमच्या घरी, माझ्या शेजारच्या खोलीत
नीट श्वास घेत होतं.
त्याची माफी कुठे मागतात?
बाबांना विचारणार होतो.
ते पाठ करून झोपले होते,
किंवा झोपले नव्हते.

पाचव्या दिवशी १.३३.
मग १.३८.
मग पुन्हा १.३८, आणि तिथंच थांबला.
डॉक्टर म्हणाल्या, एवढा फरक यंत्राचासुद्धा असतो.
मी मान हलवली.
पण ते चार शतांश कुठे गेले
हे मी अजून शोधतो,
एकोणीस वर्षांचा घोडा झालो तरी,
जिना चढताना ती माझ्यापुढे असते तरी.

त्याच उन्हाळ्यात फेन्या खोपटात आली.
भिंतीवरचे आकडे तिनं बोट ठेवून वाचले.
काही बोलली नाही.
मटार सोलत मी वाट पाहत राहिलो
की आता ती रागावेल.
ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली,
टाचा टेकवून, हनुवटी सरळ.
"रेघ मार," म्हणाली.
मी मारली. एकशे एकोणतीस.
मग तिनं पेन्सिल घेतली
आणि शेजारी, दोन बोटं खाली,
आणखी एक रेघ ओढली.
"ही कुणाची?"
"तिची," फेन्या म्हणाली. "अंदाजे."