मुद्दाम घालवलेली लाईट

बाझलमध्ये थंडी सरता सरता एका सोमवारी
पहाटे चारला गावाची लाईट घालवतात.
मुद्दाम.
त्यासाठी माणूस नेमलेला असतो,
असं मला रेटोने सांगितलं,
आणि मी हसलो तर तो हसला नाही.

मी आलो होतो गोळ्यांच्या पट्ट्या भरणारं मशीन शिकायला,
अकरा दिवस,
बॅगेत मेतकूट आणि नको तितके स्वेटर.
उत्सवबित्सव वेळापत्रकात नव्हता.
पण साडेतीनला खिडकीखालून इतकी पावलं जायला लागली
की झोपून राहणं उद्धटपणाचं वाटलं.

उताराची दगडी गल्ली.
माणसं बसवलेली, पट्टीत गोळ्या बसवतात तशी,
फक्त इथे एका खाचेत तिघं.
कुणी ढकलत नव्हतं.
कोपर कसं वापरायचं याचं माझं सगळं शिक्षण
वाया जात होतं.

मग चार.
घड्याळाचे ठोके संपले आणि एकदम सगळं गेलं:
खांबांवरचे दिवे, दुकानांच्या काचा,
औषधवाल्याचा हिरवा क्रॉस.
हजारोंनी एकच श्वास आत ओढला
आणि सोडायचा विसरले.
मी सवयीने खिशात मेणबत्ती चाचपली.

त्या काळोखात कुणीतरी माझा दंड धरला.
लोकरीचा हातमोजा, आत बारीक हाडं.
म्हातारा, बाईचा आवाज,
त्यांच्या त्या घशातल्या भाषेत घाईघाईने काही सांगणारा,
मला कुणी दुसराच समजून.
म्हणायला हवं होतं, बाई, मी तो नव्हे.
पण अंधारात मी नक्की कोण नव्हतो
याचा माझ्याकडे तरी कुठला पुरावा होता?
मी "हं" म्हटलं.
"हं" कुठेही चालतं.

आणि ढोल.
आपल्यासारखे छातीत घुसणारे नव्हेत.
सुके, नेमके,
पत्र्यावर वाटाणे ओतावेत तसे.
वरून चिमुकल्या बासऱ्या, शंभर, दोनशे,
किंचित बेसूर; बोटं आखडली असणार.
उतारावरून कंदील आला, बैलगाडीएवढा,
चौघांच्या खांद्यावर, आतून पेटलेला.
त्यावर कुणा मंत्र्याची टिंगल असावी,
लोक हसले,
मीही, जरा उशिरा.

उजेड आमच्यावर पडला.
तिने पाहिलं. भुवया वर गेल्या. खाली आल्या.
हात मात्र तिथेच राहिला.
"निसरडं आहे," ती इंग्रजीत म्हणाली,
जणू काळजी माझीच होती.

मुखवटे जात होते,
भोपळ्याएवढी नाकं, काथ्याचे केस.
ती प्रत्येकाला हात करत होती.
नातू आहे, फ्लुरीन, बासरी वाजवतो.
"यातला कुठला?"
"माहीत नाही. ते सांगायचं नसतं."
एका मुखवट्याने मान जराशी तिरकी केली,
किंवा डोक्यावरचं ओझं सरकलं असेल.
"तो," ती म्हणाली.
आणखी तीन गेल्यावर,
"नाही. तो."

सहाच्या सुमाराला तिचा खरा माणूस सापडला.
जावई. माझ्यासारखाच काळा कोट,
माझ्याहून वीतभर उंच.
हरवलेली छत्री परत आणून दिल्यासारखे
त्याने माझे आभार मानले.
मग एका तळघरात भाजलेल्या पिठाचं सूप,
आंबिलीचा तपकिरी चुलतभाऊ, मीठ कमी.
दोन वाट्या प्यालो.

दुपारी ट्रामच्या थांब्यावर
एका मुखवट्याने माझ्या कॉलरमध्ये
मूठभर कागदी टिकल्या कोंबल्या, सगळ्या निळ्या.
बिल्ला विकत घेतला नाहीस ना,
त्याचा दंड, रेटो म्हणाला. या वेळी तो हसला.

आमच्यात दंड म्हणजे
खांद्याखालचा हातसुद्धा,
हे त्याला सांगायचं होतं.
पण मशीन सुरू झालं होतं,
आणि पाठीवरून टिकल्या खाली घसरत होत्या,
गुदगुल्या करत,
एकेक.